प्रयोग बिघडू नये म्हणून

“या राखेत काय घालत होतास? बोल!”

धनाजीनं उदीची पुडी कादरबाबांच्या पुढ्यात आपटली. दुसऱ्या हातात काठी होती. भावाला अग्नी देऊन तो तडक दर्ग्यावर आला होता. खांद्यावरचा पंचा अजून ओलाच होता.

बाबा लोबान पेटवत होते. हात थांबला.

“निवृत्ती...?”

“गेला! नदीवर अंघोळ करताना फिट आली. गुडघाभर पाण्यात गेला माझा दादा. अन् लहानपणापासून तुझी उदी खात होता!”

निवृत्ती शहरात संशोधन करायचा. पोरपणी आई त्याला दर गुरुवारी इथं आणायची. उदी सुरू झाली आणि फिट थांबली. ती कशी थांबली, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्यापायी तो धर्माचे ग्रंथ वाचायचा, माणसांच्या चालीरीती टिपायचा, डॉक्टरांना भेटायचा, रसायनांत डोकं घालायचा.

बाबांनी पुडी उलटसुलट करून पाहिली.

“ही तर फोडलेलीच नाही.”

“उशाखाली ढीग आहे असल्या पुड्यांचा. त्यात काय असायचं ते सांग!”

“गोळी. फिटेवरची. डॉक्टर द्यायचे, मी कुटून घालायचो.”

काठी आपोआप खाली आली.

“गोळी...?”

“तुझी आई दवाखान्याची पायरी चढेना. पोर तर जगवायचं होतं.”

“दादाला ठाऊक होतं हे?”

“नाही. मागच्या वेळी इथंच बसून म्हणाला, बाबा, उदी बंद करून बघतो. फिट परत येते का पाहू. पुडी प्रयोगशाळेत तपासायला नंतर देतो.”

“तरी तू सांगितलं नाहीस?”

“तोंड उघडलं होतं, बेटा...”

“मग?”

“त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. हसला. म्हणाला, काही सांगू नका, माझा प्रयोग बिघडेल.”

...

धनाजीला ते हसू दिसलं. घरात कुणी मध्ये बोललं की दादा असाच हसून तोंडावर हात ठेवायचा.

“अन् तू गप्प बसलास? अरे, गुरू म्हणायचा तो तुला!”

काठी गळून पडली.

बाबा वाकले. काठी उचलून त्यांनी धनाजीच्या मुठीत दिली. डोक्यावरचा हिरवा फेटा उतरवला आणि उघड्या डोक्यानं त्याच्यासमोर बसले.

“त्या दिवशी गुरू तो होता, चेला मी. चेल्यानं गुरूचा शब्द पाळला... मार.”