ठकूबाईची राहिलेली पायरी

तिरुक्करैला दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना इथली जुनी माणसं आधी घाटावर आणतात. देऊळ नंतर, राजवाडा नंतर. या घाटाच्या पायऱ्या वरून खाली नीट बघत या. प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. इतक्या पिढ्यांचे पाय पडले, की दगडाचं ताट झालं. आणि सगळ्यात खालची, कावेरीच्या पाण्यालगतची पायरी? तिच्या कडा अजून हाताला लागतात. पाथरवट कालच छिन्नी ठेवून घरी गेला असावा, अशी ती दिसते. त्या पायरीवर गावात कुणी पाय ठेवत नाही. पाणी हवं तर वरच्या पायरीवर बसायचं आणि वाकून तांब्या बुडवायचा. डुंबायचंच असेल तर पलीकडे दुसरा घाट आहे, तिथं म्हशींच्या शेजारी खुशाल डुंबा.

आणखी एक चाल आहे. पाहुणा परत निघाला की "काय काय बघितलं?" असं इथं विचारत नाहीत. "काय राहिलं?" असं विचारतात. "सगळं झालं बघून" असं कुणी ऐटीत सांगितलं, की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. सकाळी अमुक, दुपारी तमुक, संध्याकाळी गाडी, अशी आखणी करून येणारे पाहुणे पुष्कळ असतात. त्यांना इथं कुणी हसत नाही. कारण जिच्यामुळे ही चाल पडली, तिनंही अशीच आखणी केली होती.

तिचं नाव भिवरा. मराठ्यांचं राज्य या मुलखात नुकतं रुजत होतं, तेव्हाची गोष्ट सांगतात. भिवरा कृष्णाकाठची. नवरा सुभानजी इथल्या पागेत घोडी राखायला आला आणि त्याच्यामागून ती आली. येताना आईला म्हणाली होती, "पुढच्या वर्षी येते." पण पुढच्या वर्षी पोर झालं, त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, मग दुसरं पोर. वाट तर अशी, की निघालेला माणूस पोचला की नाही हे कळायला सहा महिने लागावेत. थोरला मुलगा घोड्यावर बसायला लागला तरी भिवराला माहेर दिसलं नव्हतं.

मग एके दिवशी उत्तरेकडून आलेल्या घोड्यांच्या सौदागराने निरोप आणला. कृष्णाकाठची यात्रा गंगाजळाच्या कावडी घेऊन रामेश्वरला निघाली आहे, यात्रेत ठकूबाई आहे, आणि वाटेत तिरुक्करैला दोन रात्रींचा मुक्काम आहे. ठकूबाई म्हणजे भिवराची आई.

भिवराला आधी रडू फुटलं आणि मग तिनं पदर खोचला. दोन रात्री! एवढ्या वेळात आईला काय काय दाखवायचं? मोठ्या देवळाचा कळस, राजवाड्यातला दरबाराचा चौक, रेशीमवाल्यांची आळी, बांगड्यांचा बाजार, हत्तींची अंघोळ, नदीपलीकडची आमराई, कावेरीचा घाट. आपली लेक कुठल्या आडरानात पडली नाही, सोन्यासारख्या गावात नांदते आहे, हे आईनं डोळ्यांनी बघून जावं, एवढीच तिची इच्छा. ती रोज नवी आखणी करायची आणि रोज मोडायची. हत्ती आधी घ्यावेत तर बाजार उठतो, बाजार आधी घ्यावा तर देवळाचं दार लागतं. तिच्या घरासमोर पोन्नम्मा नावाची फुलवाली राहायची. ती गजरा ओवता ओवता हे सगळं ऐकायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायची, "भिवरा, आई येते की राजा येतो?"

यात्रा आली. ठकूबाई वाळली होती, केस पांढरे झाले होते, गुडघे सुजले होते. लेकीला मिठी मारून ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बस जरा माज्यापाशी. तुजं त्वांड तरी बघू दे."

"बसू गं मग. आधी चल, हत्ती पाण्यात उतरले असतील."

त्या दोन दिवसांत भिवरानं आईला जे फिरवलं, ते यात्रेतल्या तरण्याताठ्यांनाही झेपलं नसतं. ठकूबाई कौतुकानं बघायची, "लई झ्याक हाय, लई झ्याक हाय" म्हणायची आणि जिथं दगड दिसेल तिथं टेकायची. टेकली की भिवरा तिचा हात धरून उठवायची. रात्री आई गोधडीवर पडली की बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. बोलायचं होतं ते दोघींच्याही पोटात राहिलं. घरी पाव्हणी आली आणि लेकीला तिच्याशी बोलायलाच सवड झाली नाही, असा तो प्रकार.

निघायच्या दिवशी सकाळी एकच गोष्ट उरली होती, तेव्हा नवाच बांधलेला हा घाट. कावेरीच्या पाण्यानं आईचे पाय धुवायचे, म्हणजे आखणी पुरी. दोघी उतरू लागल्या. ठकूबाई एकेका पायरीवर कण्हत होती. शेवटच्या पायरीच्या वर ती थांबली, कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात वरून यात्रेच्या म्होरक्यानं शिंग फुंकलं. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. कावडी उचलल्या होत्या. ठकूबाई गडबडली, तशीच वळली, हात टेकत टेकत पायऱ्या चढली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि चालता चालता मागं बघून म्हणाली, "जाते गं, भिवरे."

आपल्यात असं म्हणत नाहीत. घरातून निघणारा माणूस "येतो" म्हणतो, मग तो शेजारी ताक मागायला निघालेला असो की काशीला. "जातो" म्हणून जायचं ते एकदाच, आणि तेव्हा माणूस काही बोलत नाही. ठकूबाईनं जन्मात हा शब्द उंबऱ्यावर काढला नव्हता. त्या दिवशी दमलेल्या तोंडातून तो निसटला. भिवरानं हाक मारली, पण शिंगाच्या आवाजात ती ऐकू गेली नाही.

ती घाटावरच बसून राहिली. पोन्नम्मा फुलांची टोपली घेऊन आली, तिला घडलं ते कळलं. तमिळ माणसंही निघताना "वरेन" म्हणतात, म्हणजे येतो. त्यामुळे या एका शब्दाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. ती टोपली खाली ठेवून शेजारी बसली. मग तिनं विचारलं, "सगळं दाखवलं तिला?"

"सगळं."

"काहीच ठेवलं नाहीस? मग परत कशाला येणार ती?"

हे भिवराच्या काळजाला झोंबलं. तिनं आठवून आठवून बघितलं. देऊळ झालं, दरबार झाला, हत्ती झाले. मग तिची नजर खाली गेली. आईचा पाय त्या शेवटच्या पायरीला लागला नव्हता. एवढी एकच गोष्ट राहिली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसा भिवरानं त्या पायरीचा आधार धरला. कावेरीत हात बुडवून ती म्हणाली, "कावेरीबाई, ही पायरी माझ्या आईची राहिली आहे. ती येऊन उतरेपर्यंत मी हिच्यावर पाय ठेवणार नाही, आणि होईल तितकं दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही."

तेव्हापासून ती रोज सकाळी येऊन वरच्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायची, "तेवढी सोडून उतरा, माझ्या आईची आहे." काही हसले, काही चिडले. एका शास्त्रीबुवांनी घाटावर मालकी कुणाची, यावर मोठं प्रवचन दिलं म्हणे. पण आईचं नाव घेतलं की माणूस फार भांडत नाही. लोक बाजूनं उतरू लागले.

मार्गशीर्ष लागला आणि समुद्राकडून वादळ आलं. गावातली झाडं पडली, कौलं उडाली. त्यामागून बातमी आली, ती वादळाहून वाईट. रामेश्वराच्या बेटाकडे जाणारी यात्रेकरूंची होडी उलटली. कृष्णाकाठची माणसं होती. काही पोहून निघाली, बाकीची निघाली नाहीत. त्या होडीत ठकूबाई नावाची म्हातारी चढताना एका मिठाच्या व्यापाऱ्यानं बघितली होती.

घरात चूल पेटली नाही. शेजारणी आल्या, बसल्या, उठल्या. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी सुभानजी हळूच म्हणाला, "भिवरे, आज नदीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ करायला हवी. लोक बाहेर थांबलेत."

"मी अंघोळ करणार नाही."

"असं कसं? बिचारीला मोकळं तरी करशील का नाही?"

"सुतकाची अंघोळ त्या शेवटच्या पायरीवर उभं राहून करायची असते," भिवरा म्हणाली. "मी तिच्यावर पाय ठेवला, की आई गेली. तोवर ती गेली नाही."

सुभानजी भला माणूस. त्याला हे पटलं नाही, पण त्यानं बायकोचा हातही ओढला नाही. बाहेर मात्र कुजबूज झाली. सुतक न फेडलेलं घर म्हणून शेजारी पाणी घेईनात, पागेतले लोक सुभानजीच्या पंगतीला बसेनात. पोन्नम्मा तेवढी रोज गजरा द्यायची. भिवरा तो घालायची नाही, पण नाहीही म्हणायची नाही, पायरीवर नेऊन ठेवायची.

वादळाचं पाणी मग नदीला आलं. कावेरी फुगली. "आता नदीच वर येऊन हिला अंघोळ घालते बघा," असं लोक म्हणू लागले. पाणी चढत चढत त्या शेवटच्या पायरीच्या कडेला लागलं. भिवरा वरच्या पायरीवर बसून होती, उठली नाही. आणि पाणी तिथंच थांबलं, असं सांगतात. दोन्ही तीरांवरची शेतं बुडाली, पलीकडची आमराई बुडाली, पण त्या पायरीचा माथा कोरडा राहिला. हल्लीचे शिकलेले लोक म्हणतात, वर कुठंतरी बांध फुटून पाणी दुसरीकडे वळलं असेल. असेल. बांध नेमका तेव्हाच कसा फुटला, ते मात्र ते सांगत नाहीत.

पाणी उतरलं, वाटा वाळल्या. आणि एका दुपारी मिठाची बैलगाडी सुभानजीच्या दारात थांबली. गाडीतून एक म्हातारी उतरली, उतरताना गाडीवानाला आणि बैलांना सारख्याच शिव्या देत. भिवरा तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या मांडीवरचं सूप पालथं झालं.

ठकूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. आत आलीच नाही. आधी तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "येते."

भिवरा सांडलेल्या तांदळावरूनच दाराशी धावली.

"येते म्हनायचं ऱ्हायलं हुतं," ठकूबाई म्हणाली. "तेवढं म्हनाया आले."

झालं होतं ते असं. ठकूबाई होडीत चढली होती, हे खरं. बोचकं ठेवलं, बसली, आणि समोर सगळं पाणीच पाणी बघून तिला आपला तो शब्द आठवला. ती ताडकन उठली. "लेकीला जाते म्हनून आलिया मी. असलं त्वांड घिऊन समिंदर वलांडायचा न्हाई," असं म्हणून उतरून किनाऱ्यावर बसली. म्होरक्या चिडला, लोक हसले. होडी तिला सोडून गेली. पुढचं वादळ तिनं कोळ्यांच्या झोपडीत काढलं आणि मग रामेश्वराला पाठ करून, भेटेल त्या गाडीनं, लेकीकडे वळली.

"आणि रामेश्वर?" सुभानजीनं विचारलं.

"ऱ्हायलं. द्येव कुठं पळून जातुया? पुढल्या वर्साला जाईन की, हितनंच तर वाट हाय."

भिवरा तेव्हा आईच्या गळ्यात पडून जी रडली, ती सबंध आळीनं ऐकली. पंगतीला न बसणारे लोक संध्याकाळी गुळाचा खडा घेऊन आले. पोन्नम्मानं टोपलीतली होती नव्हती ती सगळी फुलं म्हातारीच्या ओटीत ओतली.

दुसऱ्या दिवशी भिवरा आईला घाटावर घेऊन आली. नवस फेडायचा होता, सगळं गाव बघायला जमलं होतं. यावेळी शिंग नव्हतं, घाई नव्हती. एकेक पायरी दमानं उतरून ठकूबाई शेवटच्या पायरीपाशी आली. लेकीचा खांदा धरून तिनं पाय उचलला. आणि भिवरानं तिला मागं ओढलं.

"आता काय झालं गं?"

"नको, आये. राहू दे ती." भिवरानं आईचा हात सोडला नाही. "पुढच्या वेळेला."

ठकूबाईनं लेकीकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती हसली आणि वरच्या पायरीवर फतकल मारून बसली. "मग बस की आता माज्यापाशी," ती म्हणाली. भिवरा बसली. त्या दिवशी मायलेकी तिथून दिवेलागणीलाच उठल्या. आमराईकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

ठकूबाई पुढं किती वेळा आली, याबद्दल गावात एकमत नाही. रामेश्वर तिनं शेवटी केलं, हे सगळे मान्य करतात. दर वेळी ती त्या पायरीपर्यंत यायची आणि दर वेळी विचारायची, "उतरू का गं?" दर वेळी लेक म्हणायची, "पुढच्या वेळेला."

आजही सासरी आलेल्या लेकी आईबापांना पहिल्यांदा इथं घेऊन येतात आणि वरच्या पायरीवर बसवतात. आजही इथून निघताना "जातो" म्हणणाऱ्याला दारातून परत बोलावतात, पाणी देतात आणि नीट म्हणायला लावतात. तेव्हा दोन दिवसांत सगळं उरकत नाही म्हणून हळहळू नका. आमराई राहिली तर राहू दे. उद्या निघताना कुणी विचारेल, काय राहिलं? तेव्हा या पायरीकडे बोट दाखवा आणि "येतो" म्हणा.