जुईची बूस्टर सीटची परीक्षा

एकदा एक बाबा होता. जपमाळवाला नाही हं, आपला साधा, चार वर्षांच्या जुईचा बाबा. तर त्याच्या डोक्यात बसलं, की जुईला आता बूस्टर सीट हवी! बूस्टर म्हणजे गाडीतला उंच पाटच म्हणा ना. त्यावर मूल बसवायचं आणि मोठ्यांचाच पट्टा त्याला लावायचा. जुईच्या जुन्या सीटला मात्र स्वतःचे पाच पट्टे होते. एवढी घाई का? तर दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला मुंज, आणि तिथे येणाऱ्या आत्याचा जुईएवढाच मुलगा कधीपासून बूस्टरवर बसतो!

म्हणून तो गेला मोकाशी सरांकडे. ह्या सरांनीच त्याला गाडी शिकवलेली. आता म्हातारे झालेत, पण निम्मी सोसायटी अजून त्यांना विचारल्याशिवाय टायरसुद्धा बदलत नाही.

"जुन्या सीटमध्ये मावत नाही का ती?"

"मावते की सर. वजन, उंची, सगळं बसतंय अजून."

"मग?"

"त्यात ती फार लहान दिसते हो!"

सर गालात हसले. "बरं, घेऊन ये तिला. पण आधी पोटभर वरणभात खाऊ घाल."

"जेवली की झोपते ती."

"ये म्हटलं ना!"

बाबाने काय तयारी करून घेतली म्हणून सांगू! शाळेच्या इंटरव्ह्यूलाही कुणी घेत नाही एवढी. "पाठ टेकायची. वाकायचं नाही. पट्ट्याशी खेळायचं नाही." आणि पार्किंगमध्ये, मित्राकडून आणलेल्या बूस्टरवर जुई काय ताठ बसली! एक पट्टा बरोबर खांद्यावरून, दुसरा मांड्यांवरून. बाबाने फोटो काढला, लगेच आत्याला पाठवलाही.

सर मात्र बघतच नव्हते. पुढे बसले, एसी लावला आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास सांगायला लागले. टाकी कुणी मागितली, कोण आडवं आलं, गळती कुठून सुरू झाली...

"सर, परीक्षा कधी?"

"चालू आहे. तर मग ते दुसरे सेक्रेटरी..."

"ऊठ रे!"

बाबा दचकून जागा झाला. सरांनी मागे बोट दाखवलं. जुई गाढ झोपून एका बाजूला कलंडली होती. खांद्याचा पट्टा गळ्यावर, मांड्यांवरचा पोटावर.

"दोघंही नापास," सर म्हणाले. "अरे, जागेपणी ती तुझं ऐकून बसली. एवढंसं लेकरू, केवढं केलं तिने! पण झोपेत ती कुणाचं ऐकणार? बूस्टर नुसता उंच करतो. पट्ट्याखाली नीट बसून राहायचं काम मुलाचंच. उद्या खंबाटकी घाटात तू ब्रेक मारशील, तेव्हा ती अशीच असेल. जुन्या सीटचे पट्टे तिला झोपेतही धरून ठेवतात. त्यात मावेनाशी झाली आणि झोपेतही सरळ राहायला लागली, की दे बूस्टर."

"पण सर, आत्याला फोटो गेला ना!"

"मग हाही काढून पाठव."

नाही पाठवला. एवढा मोठा अजून बाबाही झाला नव्हता. पण जुनी सीट मात्र त्याने मुकाट्याने परत बसवली.

दुसऱ्या दिवशी घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला. बाबाने करकचून ब्रेक मारला. बायको किंचाळली, तोही किंचाळला. मागे जुईने एक डोळा किलकिला केला आणि परत झोपली. पाचही पट्टे जागच्या जागी.



मूल किती मोठं झालंय, हे ते झोपल्यावर बघावं.