धुडकूनं आणलेलं वऱ्हाड

तापीकाठी चिंचोटे नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात धुडकू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? एकदा त्याची वहिनी म्हणाली, "धुडकूभाऊ, भाकरीपाशी कुत्रं येतंय, जरा बघा."

धुडकू बघत बसला.

वहिनी पाणी भरून आली. "बघितलं का?"

"बघितलं," धुडकू म्हणाला. "चार खाल्ल्या."

असा तो धुडकू. वय चाळीस, अंगानं धिप्पाड. केळीचे घड उचलायला गावात त्याच्यासारखा दुसरा नाही. मोठा भाऊ सुकलाल, त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पांची एकुलती एक मुलगी उज्वला. तिला धुडकूनं खांद्यावर बसवून वाढवलेलं. तिच्यासाठी तो विहिरीतसुद्धा उडी टाकेल, असं लोक म्हणत. त्याच्यासमोर मात्र म्हणत नसत, कारण त्यानं खरंच टाकली असती.

तर या उज्वलाचं लग्न ठरलं. मुलगा शिरपूरचा. मुलाचे वडील तोतारामअण्णा मानाचे भारी कडक. उज्वलाचं आधीचं एक स्थळ मानपानावरूनच मोडलेलं होतं, म्हणून आप्पा धास्तावलेले. ते म्हणाले, "या खेपेला कशात कसर नको. पत्रिका हातोहात गेल्या पाहिजेत."

त्यांनी पत्रिकांचे तीन गठ्ठे बांधले. एक खानदेशाचा, एक मराठवाड्याचा, एक पश्चिम महाराष्ट्राचा. पहिला गठ्ठा धुडकूच्या हातात दिला.

"हा खानदेशातल्या पाव्हण्यांना वाट."

"वाटतो," धुडकू म्हणाला.

आता वाटायच्या तर खानदेश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे नीट कळायला नको? धुडकू तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथे चष्मा लावलेले एक कारकून बसले होते.

"साहेब, खानदेश कुठंय?"

कारकुनांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "कागदावर खानदेश नाही. राज्याचे विभाग सहा. कोकण झाला, पुणे झाला, नाशिक झाला, पुढे आणखी तीन. आपला जळगाव जिल्हा नाशिक विभागात."

"आणि खानदेश?"

"तो जिल्हा नाही, तालुका नाही आणि विभागही नाही. तो नुसता बोलण्यात आहे."

धुडकू बाहेर पडला. एसटी स्टँडवर त्याला अमळनेरचा चुलतभाऊ भेटला. "काय भो, पत्रिका वाटतोस म्हणे! माझी दे की."

"तू कुठला?"

"असं काय विचारतोस? खानदेशातला."

"मग नाही देता येणार," धुडकू म्हणाला. "खानदेश नाहीच. तू कसा असशील?"

संध्याकाळी तो सगळा गठ्ठा घेऊन घरी आला. "आप्पा, आपला खानदेश बंद झालाय. कचेरीतून विचारून आलो."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे, कचेरीत नसला म्हणून काय झालं? आपली बोली आहे, आपली भरीत-भाकरी आहे, आपण आहोत! कागदाला काय कळतं? कागद बघू नको, माणसांना विचार. शिकलास ना?"

"शिकलो," धुडकू म्हणाला आणि त्यानं उपरण्याला एक गाठ मारली.

खानदेशाचा गठ्ठा आप्पांनी टपालात टाकला आणि धुडकूला मराठवाड्याचा दिला. अकरा पत्रिका होत्या. प्रत्येकीवर नाव, गाव, गल्ली, सगळं ठळक अक्षरात लिहिलेलं. पण ते कागदावर होतं. धुडकूनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एसटी अजिंठ्याचा घाट चढली. वर एके ठिकाणी चहाला थांबली. धुडकू उतरला. एक म्हातारा बैलगाडी घेऊन चालला होता.

"बाबा, मराठवाडा कुठंय?"

"हे काय, घाट चढून आलास की तू. मराठवाड्याच्या दारातच उभा आहेस!"

म्हातारा गेला. धुडकूनं दार शोधलं. दार दिसेना. मैलाचा एक दगड तेवढा होता. धुडकूनं त्यावर टकटक केलं आणि हाक मारली, "वाड्यात कोणी आहे का?"

कोणी ओ दिली नाही. तो बराच वेळ थांबला. शेवटी एक शेळी आली. तिनं एक पत्रिका खाल्ली. वाड्यातलीच असेल, मालकाला सांगेल, असं म्हणून धुडकूनं उरलेल्या दहा पत्रिका दगडापाशी ठेवल्या, वर एक धोंडा ठेवला आणि तो परत आला.

"आप्पा, दिल्या. वाडा मोठा आहे, पण भिंती पडल्यात वाटतं. माणसं आत कामात होती. शेळीनं घेतल्या."

आप्पा खाली बसले. मग उठले. "अरे, मराठवाडा म्हणजे वाडा नव्हे रे! मुलूख आहे तो, आपल्या दक्षिणेला. मुलखाला दार नसतं, दिशा असते. दिशा धरून चाललं की माणूस चुकत नाही. शिकलास ना?"

"शिकलो." दुसरी गाठ.

राहिला पश्चिम महाराष्ट्राचा गठ्ठा. तो वहिनीच्या माहेरचा. तिचा भाऊ साताऱ्याला दुकान चालवायचा. माहेरचं काम, म्हणून वहिनीनं धुडकूला लाडू बांधून दिले. "माझ्या भावाला सांगा, आठ दिवस आधी ये म्हणावं."

धुडकू दोन एसट्या बदलून साताऱ्याला पोचला. कंडक्टर ओरडला, "सातारा! सातारा उतरा!"

सगळे उतरले. धुडकूनं खिडकीतून पाहिलं. ऊन कलत होतं. सूर्य अजून पुढे होता, चांगला लांब होता. म्हणजे पश्चिम अजून पुढे होती. दिशा सोडायची नाही. तो उतरला आणि सूर्याच्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या एसटीत बसला.

घाट उतरला. नारळ लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुहागरच्या किनाऱ्यावर उभा होता. एक आजोबा वाळूत बसून जाळं विणत होते.

"आजोबा, हा पश्चिम महाराष्ट्र ना?"

"नाही रे बाबा. हे कोकण."

"मग पश्चिम महाराष्ट्र?"

"तो पूर्वेला राहिला. डोंगराच्या पलीकडे."

धुडकूनं सूर्याकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. आजोबा भले दिसत होते, पण वय झालं होतं. कोणाचं पश्चिम पूर्वेला असतं का?

"याच्या पश्चिमेला काय आहे?"

"समुद्र."

"तिथं राहतं का कोणी?"

"राहतात की," आजोबा जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले. "बांगडे."

धुडकूचं मन गलबललं. तो तिसऱ्या दिवशी घरी आला तो दारातच थांबला. वहिनी धावत आली. "भेटला का माझा भाऊ?"

"नाही वहिनी," धुडकू मान खाली घालून म्हणाला. "तुमचा भाऊ पाण्यात आहे. बांगड्यांबरोबर."

वहिनीनं असा हंबरडा फोडला की अर्धं गाव अंगणात जमलं. बायका धाय मोकलून रडायला लागल्या. कोणी म्हणालं, लग्न पुढे ढकला. कोणी म्हणालं, सुतक किती दिवसांचं धरायचं? शेवटी पोस्टमास्तरांच्या टेलिफोनवरून साताऱ्याला फोन लागला आणि खुद्द वहिनीच्या भावानंच तो उचलला. तो म्हणाला, "मी दुकानात आहे. पत्रिका का नाही आली?"

त्या दिवशी आप्पांनी धुडकूला समोर बसवलं. ते चिडले नव्हते. चिडण्याच्या पलीकडे गेले होते.

"धुडकू, कोण कुठला हे तू आपल्या मनानं ठरवूच नको. सरळ ज्याचं त्याला विचारायचं, 'तुम्ही कुठले?' तो सांगेल ते खरं. त्याच्यापुढे डोकं चालवायचं नाही. शिकलास ना?"

"शिकलो." तिसरी गाठ. उपरणं आता जरा आखूड झालं होतं.

लग्नाची सकाळ उजाडली. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. मुलगी भुसावळला आत्याकडे बघितली होती आणि साखरपुडा शिरपूरला झाला होता. त्यामुळे मुलाकडच्यांनी चिंचोटे पाहिलं नव्हतं आणि धुडकूनं त्यांना पाहिलं नव्हतं. साखरपुड्याच्या दिवशी तो समुद्र बघत होता. त्याला दुसरं काम द्यायची आप्पांना भीती वाटत होती. पण उज्वला म्हणाली, "बाबा, काकाला काहीतरी मानाचं काम द्या. माझं लग्न आहे."

मग आप्पांनी त्यातल्या त्यात सोपं काम शोधलं. धुडकूला फेटा बांधला आणि सांगितलं, "हमरस्त्यावर आपल्या गावाच्या फाट्यावर उभा राहा. वऱ्हाड आलं की मानानं घेऊन ये. वऱ्हाडाशिवाय दुसऱ्या कोणाला मंडपात सोडू नको. गावातल्या मागच्या लग्नात रस्त्यावरचेच लोक जेवून गेले होते."

आता वऱ्हाड म्हणजे नवऱ्याकडची मंडळी, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मलकापूरच्या पुढे जो मुलूख लागतो, त्यालाही लोक वऱ्हाडच म्हणतात. आणि धुडकूच्या डोक्यात महिनाभर मुलखांशिवाय दुसरं काही नव्हतं.

साडेदहाला एक बस आली. पुढे नवरदेव, मागे बाया-माणसं, टपावर बँडवाले. धुडकू हात पसरून रस्त्यात उभा राहिला. तोतारामअण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"तुम्ही कुठले?" धुडकूनं हात जोडून विचारलं.

"आम्ही शिरपूरचे. खानदेशातले."

"मग इथं नाही तुमचं. आज फक्त वऱ्हाडाला सोडायचंय. सुकलाल आप्पांनी सांगितलंय."

"अहो, वऱ्हाड म्हणजे आम्हीच की!"

धुडकू हसला. "आत्ताच खानदेशातले म्हणालात. एक काहीतरी सांगा."

अण्णांच्या मिशा थरथरल्या. "पिढ्यान्‌पिढ्या खानदेशातले आहोत आम्ही!"

"झालं तर मग. वऱ्हाड मलकापूरच्या पुढे आहे. तिथून या, मी मानानं घेतो."

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. अण्णा खाली उतरून परत शिरपूरला जायच्या बेतात होते. पण त्यांचे मेहुणे शाळामास्तर होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "अण्णा, रागावू नका. फेटेवाला माणूस आहे, उगाच सांगणार नाही. मंडप मलकापूरकडे हलवला असेल. वऱ्हाडाची उतरायची सोय तिकडेच केली असेल."

शिकलेला माणूस बोलला म्हणजे विषय संपला. बस वाजतगाजत मलकापूरकडे गेली. धुडकूनं फेटा सारखा केला.

साडेअकराला दुसरी बस आली, मलकापूरच्याच बाजूनं. धुडकू आडवा झाला.

"तुम्ही कुठले?"

"आमी खामगावचे ना बाप्पा," एक उंच गडी म्हणाला. "वऱ्हाडातले."

धुडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "या, या! कधीची वाट बघतोय!"

तो होता कबड्डीचा संघ, नाशिकला स्पर्धेला निघालेला. सोबत पाठीराखे धरून चाळीस माणसं. मंडपापाशी गावातल्या बायकांनी ओवाळलं, गुलाबपाणी शिंपडलं, पायांवर पाणी घातलं. उंच गडी गहिवरून म्हणाला, "एवढा मान तं आमाले जिंकल्यावरबी भेटला नाही बाप्पा." वाढपी समोरच होते. पंगत बसली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी संपत आली, तेव्हा आप्पा आतून बाहेर आले.

त्यांनी पंगत पाहिली. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी एकसारखी बनियनं घातली होती आणि पाठीवर आकडे होते.

"धुडकू, हे कोण?"

"वऱ्हाड. विचारून घेतलंय."

"आणि नवरदेव?"

"त्यांच्यात नवरदेव कोणी दिसत नाही," धुडकू म्हणाला. "पण चढाईला पहिला तो उंच जातो."

बारा पस्तीस झाले. भटजी अंतरपाट हातात धरून उभे. उज्वला हार घेऊन उभी. पलीकडच्या पाटावर कोणीच नाही. तिनं काकाकडे पाहिलं. ती रडली नाही, पण तिनं हातातला हार खाली ठेवला, आणि ते बघून धुडकूला पहिल्यांदाच वाटलं की आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र तिन्ही गाठी चाचपूनही कळेना.

फाट्यावरच्या पानवाल्याकडून सगळं कळलं. एक मोटारसायकल मलकापूरकडे पिटाळली. आप्पा धुडकूला म्हणाले, "चालता हो! मला तोंड दाखवू नको!"

धुडकूनं उपरणं तोंडावर ओढलं आणि तो चालत फाट्यावर जाऊन उभा राहिला.

तिकडे शिरपूरची मंडळी मलकापुरात विचारत होती, "वऱ्हाड कुठे उतरलंय हो?" लोक सांगत होते, "इथून पुढे अकोल्यापर्यंत सगळं वऱ्हाडच हाये." म्हणून ती पुढे गेली. नांदुऱ्याला पोचली. बँडवाल्यांचे घसे बसले, नवरदेवाचं काजळ गालावर आलं, तेव्हा कुठे मोटारसायकलवाल्यानं त्यांना गाठलं.

ऊन उतरताना बस परत फाट्यावर आली. धुडकू आडवा झाला. तोंडावर उपरणं तसंच.

"तुम्ही कुठले?" उपरण्यातून आवाज आला.

तोतारामअण्णा धुळीनं पांढरे झाले होते. दिवसभर पोटात अन्न नव्हतं. "बाबा रे," ते म्हणाले, "वऱ्हाडातून येतोय आम्ही. वऱ्हाडातून! अख्खं वऱ्हाड पालथं घालून येतोय!"

"मग सकाळीच नाही का सांगायचं!" धुडकू म्हणाला आणि त्यांना हाताला धरून मानानं मंडपात घेऊन गेला.

आप्पांनी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णा रुसणार होते, पण रुसायलाही अंगात त्राण लागतं. कबड्डीवाल्यांनी शरमून स्वतः पीठ मळून नव्या बट्ट्या लावून दिल्या आणि ते नाशिकला गेले. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. उज्वला हसली. आप्पांनी डोळे पुसले आणि धुडकूला म्हणाले, "जाऊ दे. आता तोंड दाखवलंस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी झाली. रडणं-भेकणं झालं. शिरपूरची मंडळी दमून बसमध्ये बसल्या बसल्या घोरायला लागली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. कालपासून त्यानं शंका काढणं सोडून दिलं होतं. कोणी म्हणेल तिकडे जायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

बस हलली. आप्पा हात हलवत म्हणाले, "सुखरूप पोचली पोर म्हणजे झालं."

"काळजी करू नका आप्पा," धुडकू म्हणाला. "ड्रायव्हरला मी सगळं समजावून सांगितलंय. म्हटलं, हे वऱ्हाड आहे. काल इथं खानदेशी म्हणून आले होते, तो घोळ आता पुन्हा नको. नीट वऱ्हाडातच नेऊन सोड."

आप्पांनी फाट्याकडे पाहिलं. बस क्षणभर थांबली आणि मलकापूरच्या बाजूला वळली.