चांद्याची घंटी, तिळूचा गळा

एक होता माळ. माळावर होतं वाडगं. वाडगं म्हणजे शेळ्यांचं घर. भोवती काट्यांचं कुंपण, मध्ये चार खांबांचं छप्पर.

त्या वाडग्यात एक करडू होतं. एवढुसं. अंग पांढरं, वर काळे काळे ठिपके. जणू कुणी तीळ सांडले. म्हणून त्याचं नाव तिळू.

तिळूला एक दादा होता. त्याचं नाव चांद्या. चांद्याच्या गळ्यात पितळी घंटी. चांद्या पुढे, खण्ण खण्ण. तिळू मागे, टुणुक टुणुक. चांद्या बोरीपाशी, तिळू बोरीपाशी. चांद्या ओढ्यापाशी, तिळू ओढ्यापाशी. डोळे मिटले तरी तिळू चुकायचं नाही. खण्ण खण्ण ऐकायचं आणि मागे जायचं.

मग चांद्या आजारी पडला. मान टाकून निजला. तिळूनं त्याला नाकानं ढोसलं. चांद्या उठला नाही. परत ढोसलं. नाहीच उठला.

वाडग्याची एक रीत होती. थोरल्याची घंटी धाकट्याला. म्हणून ती घंटी तिळूच्या गळ्यात आली. घंटी मोठी, तिळू छोटं. चालताना घंटी गुडघ्याला लागायची. लागली तर लागली. तिळूला चालायचं.

एके सकाळी शेळ्या माळावर चरायला गेल्या. तिळू छपराखाली उड्या मारत होतं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. घंटी बांधलेली चिंधी सुटली. घंटी उडाली. खण्ण! खण्ण! घरंगळत गेली, ती थेट कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी.

आणि खांबावर काय होतं?

गांधीलमाश्यांचं घर!

तिळूनं आव पाहिला ना ताव. तसंच धावलं. गूंऽऽऽ! एक माशी आली आणि नाकावर चट्ट!

"मॅंऽऽऽ!"

तिळू मागे पळालं. नाक लाल. नाक टम्म.

मग लांबूनच म्हणालं,

"माशीबाई, माशीबाई, माझी घंटी मला घेऊ द्या ना!"

"गूंऽऽ! घंटी तुझी. आम्हाला काय करायची? पण इथं यायचं नाही. काल दगड आला. आज खांब हलतोय. आमचं घर डुलतंय. घरात आमची बाळं आहेत. त्यांना अजून पंखसुद्धा नाहीत. खांब थांबल्याशिवाय मी वाट देणार नाही!"

तिळू खांबाकडे बघायला लागलं. खांब खरंच हलत होता. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

"खांबबुवा, खांबबुवा, जरा थांबा ना!
माशी वाट देईना,
माझी घंटी मला मिळेना!"

"कुर्र कुर्र. मी का हौसेनं हलतोय? आम्ही चौघे खांब एका छपराचे. बोकड त्या टोकाला अंग घासतो, मी या टोकाला हलतो. बोकड ऐकल्याशिवाय मी थांबणार नाही!"

तिळू निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

त्या टोकाला म्हातारा बोकड होता. लांब दाढीचा. खांबाला पाठ घासत होता. खस खस, खस खस.

"बोकडमामा, बोकडमामा, अंग नका ना घासू!
खांब थांबेना,
माशी वाट देईना,
माझी घंटी मला मिळेना!"

"अरे लेका, पाठीवर गोचीड आहे, गोचीड! इथं. नाही, जरा वर. तिथं माझं तोंड पोचत नाही. पाय पोचत नाही. दाढी तर मुळीच पोचत नाही. रोज साळुंकी येते, गोचीड टिपते. आज आलीच नाही. साळुंकी आल्याशिवाय मी ऐकणार नाही!"

आणि परत खस खस, खस खस.

तिळू निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बाभळीवर साळुंकी बसली होती. चोच उघडी. डोळे अर्धे मिटलेले.

"साळुंकीमावशी, साळुंकीमावशी, खाली या ना!
बोकड ऐकेना,
खांब थांबेना,
माशी वाट देईना,
माझी घंटी मला मिळेना!"

"कशी येऊ रे बाळा? घशाला कोरड पडली. रोज डोणीतलं पाणी पिते, मग गोचिडी टिपते. आज डोणीत थेंब नाही. डोण भरल्याशिवाय मी येणार नाही!"

तिळू निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कुंपणाजवळ दगडाची डोण होती. शेळ्यांनी पाणी प्यायची, खोल, थंड. तिळूनं आत डोकं घातलं.

"मॅं!"

आतून आवाज आला, "मॅं!"

तिळूनं कान टवकारले. "मॅं?"

"मॅं?"

दादा?

तिळू आणखी वाकलं. आत कुणी नव्हतं. नुसती रिकामी डोण.

तिळूनं डोकं बाहेर काढलं. मग म्हणालं,

"डोणबाई, डोणबाई, तुम्ही भरा ना!
साळुंकी येईना,
बोकड ऐकेना,
खांब थांबेना,
माशी वाट देईना,
माझी घंटी मला मिळेना!"

"मी पडले दगडाची," डोण म्हणाली. "मला पाय नाहीत, मला हात नाहीत. ठकू रोज कळशी आणते. डुबुक डुबुक पाणी ओतते. काल दुपारपासून तिचा पत्ता नाही. ठकू निघाल्याशिवाय मी भरणार नाही!"

तिळू निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कुंपणाच्या कडेला खोपी होती. खोपीत दोन पोरं राहायची, आईसोबत. आई शेळ्यांमागे गेली होती. थोरली ठकू, धाकटा धुळा. रोज ती दोघं अंगणात लंगडी खेळायची. आज अंगण रिकामं. खोपीचं दार बंद.

दाराच्या फटीतून आवाज येत होते.

"ठकू, तुझ्या कानाचं भजं झालंय, भजं!"

"तूच दगड मारलास ना रे माश्यांना! चावल्या मात्र मला."

"मी पळालो. तू नाही पळालीस."

"पळाले की! हात झाडत पळाले. म्हणून तर चावल्या."

तिळूनं दारावर डोकं आपटलं. ठक ठक.

"ठकूताई, ठकूताई, बाहेर ये ना!
डोण भरेना,
साळुंकी येईना,
बोकड ऐकेना,
खांब थांबेना,
माशी वाट देईना,
माझी घंटी मला मिळेना!"

"मी नाही बाई!" ठकू आतून म्हणाली. "माश्या शांत झाल्याशिवाय मी निघणार नाही!"

तिळू वळलं. एक पाऊल टाकलं. थांबलं.

आता कुणाकडे जायचं?

माशीकडे? माशी म्हणेल, खांब. खांब म्हणेल, बोकड. बोकड म्हणेल, साळुंकी. साळुंकी म्हणेल, डोण. डोण म्हणेल, ठकू. आणि ठकू म्हणेल, माशी.

पुढे जायला कुणी उरलंच नाही.

तिळू दारातच बसलं. टुणुक नाही. टुणुक नाही.

फटीतून एक डोळा दिसला. धुळाचा.

"ए तिळू, रडतोस होय?"

"नाही."

"मग नाकाचा बटाटा कशानं झाला?"

"माशी चावली."

"ठकूचं भजं, तुझा बटाटा. झालं जेवण!"

"गप रे धुळ्या," ठकू म्हणाली.

धुळा म्हणाला, "अरे, एका घंटीचं काय एवढं? आईच्या डब्यात दुसऱ्या आहेत. दुसरी बांधू."

"दुसरी नको."

"का नको?"

सगळ्यांकडे जाऊन आलं होतं तिळू. पण 'का' असं कुणी विचारलंच नव्हतं.

"ती दादाची आहे," तिळू म्हणालं. "ती वाजली की दादा पुढे चालतोय असं वाटतं. आता वाजत नाही. मग मी कुणाच्या मागे जाऊ?"

भजं नाही, बटाटा नाही.

मग धुळा अगदी हळू म्हणाला, "ठकू, घंटी मीच बांधली होती. चिंधीनं. सुतळी आणायचा कंटाळा केला."

"आणि दगड?"

"तोसुद्धा मीच."

ठकूनं कानाला हात लावला. कान अजून ठणकत होता. तिनं रांजणातून कळशी भरून घेतली. मग दाराची कडी काढली. खट्ट.

"धुळ्या, नीट ऐक. पळायचं नाही. हात झाडायचे नाहीत. ओरडायचं नाही. माशी आली तर झाडासारखं उभं राहायचं. माशी गेली की गोगलगायीसारखं चालायचं."

"आणि ती चावली तर?"

"चावली तर चावली. चुना लावू."

ठकू निघाली. मागे धुळा. मागे तिळू. पाय... पाय... पाय... पाय...

गूंऽऽऽ! एक माशी आली. ठकूच्या सुजलेल्या कानाजवळ फिरली. ठकू झाड झाली. धुळा झुडूप झाला. धुळानं हात झाडले नाहीत. गूं... गूं... माशी गेली.

पाय... पाय... पाय... पाय...

ठकूनं कळशी कलती केली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. डोण भरली!

डोण भरली, तशी साळुंकी आली. पाणी प्यायली. चुळूक चुळूक.

साळुंकी आली, तसा बोकड तिला पाठ देऊन उभा राहिला. टोच! गोचीड निघाली. "आहाहा!" बोकड म्हणाला. "अगदी तिथंच!" आणि खाली बसून रवंथ करायला लागला.

बोकडानं ऐकलं, तसा खांब थांबला. कुर्र नाही. कुर्र नाही.

खांब थांबला, तसं माश्यांचं घर डुलायचं थांबलं. पंख नसलेली बाळं झोपली.

"आता ये," माशी म्हणाली. "पण उड्या नकोत हं."

तिळूनं आजवर उडी सोडून काही केलंच नव्हतं. आज केलं. पाय... पाय... पाय... पाय...

खांब आला. घंटी दिसली. धुळीत पडलेली, पिवळी पिवळी.

माशी तिळूच्या बटाट्याएवढ्या नाकावर येऊन बसली. तिळू झाड झालं. एवढंसं झाड, काळ्या ठिपक्यांचं. माशीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. भुर्र उडाली.

तिळू वाकलं. घंटी उचलायची, पण वाजवायची नाही. बाळं झोपली होती. तिळूनं घंटीच्या आतली जीभ दातांत धरली. घट्ट. आणि तसंच मागे मागे आलं. पाय... पाय... पाय... पाय...

अंगणात आल्यावर धुळा धावत खोपीत गेला. मग त्याला आठवलं, आणि तो गोगलगायीसारखा बाहेर आला. हातात सुतळी होती. त्यानं घंटी तिळूच्या गळ्यात बांधली. एक गाठ. दोन गाठी. तिसरीही मारली.

"आता सुटली तर मला भजं म्हण," धुळा म्हणाला.

"भजं मी आहे," ठकू म्हणाली. "तू भोपळा."

मग धुळानं काठी घेतली. माश्यांच्या खांबाभोवती मोठी गोल रेघ मारली. आत माश्या, बाहेर पोरं. रेघेच्या बाहेर लंगडी सुरू झाली.

ठकू आली, डोण भरली,
साळुंकी आली, बोकडानं ऐकलं,
खांब थांबला, माशीनं वाट दिली,
तिळूची घंटी तिळूला मिळाली!

तिळूनं एक पाऊल टाकलं. खण्ण.

थांबलं. घंटी थांबली.

तिळूनं पुढे बघितलं. पुढे कुणी नव्हतं. मागे बघितलं. मागेही कुणी नव्हतं.

मग डोळे मिटले आणि उडी मारली. खण्ण टुणुक! आणखी एक. खण्ण टुणुक! घंटी मोठी, तिळू छोटं. घंटी गुडघ्याला लागली. लागली तर लागली.

खण्ण टुणुक, खण्ण टुणुक, बोरीपाशी. खण्ण टुणुक, खण्ण टुणुक, ओढ्यापाशी. तिळू कुठंच चुकलं नाही.

पाय चारच. आवाज मात्र दोघांचा.

माशीची बाळं माशीपाशी, दादाची घंटी तिळूपाशी, आणि गोष्ट आता तुमच्यापाशी.