नगरसेवकांची बॅटरी

नळ कोरडे पडले होते, आणि टँकरसाठी फोन करावा तर नगरसेवक भालचंद्ररावांचा मोबाईल सदा बंद. अखेर सरूकाकू रिकामी घागर घेऊन थेट त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

“काय करणार काकू, बॅटरीच खराब! बोलायला लागलं की फोन आपोआप बंद पडतो,” भालचंद्रराव म्हणाले. “आता आठवडाभर दुरुस्तीला टाकतो.”

“खुशाल टाका. तोवर तुमचं सिमकार्ड माझ्या मोबाईलमध्ये घाला. येईल तो फोन मी घेते, आणि कोण काय बोललं ते रोज तुमच्या मंडळींना सांगते.”

“हो काकू, नक्की सांगा!” आतून बायकोचा आवाज आला.

भालचंद्ररावांनी झटकन खिसा दाबून धरला. “राहू द्या! झाला वाटतं चालू.”

तासाभरात टँकर आला. घागर भरली, तसा काकूंचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर तो फोन कधीच बंद पडला नाही. बॅटरी अजून तीच आहे.