मुंगीचा ओटा

फार पूर्वी झाडांच्या घरीही लग्नं होत, तेव्हाची ही गोष्ट. कदंबाच्या मांडवात भाऊबंदांची पंगत बसत होती. काटेरी गेळा पाटावर टेकतो न टेकतो तोच पांढराशुभ्र अनंत फणकारला, "हा कुठला आमचा भाऊबंद? याला बाभळीकडे बसवा. मी आपला मोगऱ्याशेजारी बसतो. आम्ही दोघंही पांढरे, दोघंही सुगंधी."

गेळा खाली मान घालून उठला. तेवढ्यात आमंत्रणं वाटून दमलेली मुंगी म्हणाली, "थांब रे! मी घरोघर फांदीवरून चालत गेलेय. कदंब, अनंत, गेळा, तिघांकडेही समोरासमोरच्या दोन पानांच्या मधोमध बसायला इवलासा ओटा आहे. मोगऱ्याकडे मात्र मला उभ्यानंच दम खावा लागला."

"खरंय गं," मोगरा हसला. "आमच्यात ओटे नसतात."

अनंतानं आपली फांदी पाहिली, मग गेळ्याची. निमूटपणे पत्रावळ उचलून तो गेळ्याजवळ आला. "दादा, सरकतोस जरा?"

"ये की," गेळा म्हणाला, "पण बेतानं बस. हे काटे घरच्यांनाही टोचतात."