पारबतेच्या पाठीवरचा वार

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कन्हारटोला या गावी सद्गुरू देवमन महाराजांचा मुक्काम होता. चैत्र लागला होता, मोहफुले गळू लागली होती. उजाडताच सारा गाव टोपल्या घेऊन रानात जाई. पावसाळ्यात घरचे धान्य सरले की गरिबाला हीच वाळवलेली फुले जगवीत.

पण मोहफुलांवर अस्वलाचाही भारी जीव! वेचणारा माणूस वाकलेला, अस्वलही खाली मुंडी घालून खाण्यात दंग. अचानक समोरासमोर आले की अस्वल दचकते आणि चवताळून अंगावर येते. म्हणून महाराजांनी बजावून ठेवले होते, "रानात मुकाट्यानं जाऊ नका रे. मोठ्यानं देवाचं नाव घ्या, काठी आपटा. आवाज आयकला का ते बिचारं आपनच बाजूले होते."

पारबता नावाची एक विधवा ढिवरीण, म्हणजे कोळीण, हे वचन प्राणापलीकडे जपे. आवाज भसाडा, तालाचा पत्ता नाही, पण देवाचे नाव गाई ते असे की टेकडी दणाणून जाई!

आता ऐका मोठ्या माणसाची करणी! गावचे जमीनदार, मालगुजार भगवंतराव, यांच्याकडे शहरातले पाहुणे शिकारीला आले होते. पारबतेच्या गाण्याने चितळे उधळतात म्हणून भगवंतरावांनी तिला वाड्यावर बोलावले.

"काय गं, तुझा देव बहिरा आहे का? उद्यापासून माझ्या रानात हूं की चूं केलंस, तर पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही!"

पाहुणे खो खो हसले. अहो, जनाची नाही तर मनाची तरी! यांच्या ताटात हरणाचे मटण पडावे म्हणून गरीब बाईचे तोंड बांधायचे? आणि म्हणे, माझे रान! एक तरी झाड लावले होते का यांनी?

घरी अंथरुणाला खिळलेली सासू, मडक्यात दाणा नाही. पारबता काय करणार? दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओठ मिटून रानात गेली. नाव घेतले ते मनातल्या मनात.

त्याच वेळी देवळात काकडआरती चालली होती. 'बुवाची गंमत' दाखवायला मालगुजार पाहुण्यांना घेऊन आले होते. एकाएकी महाराज ओरडले, "पारबते, पळू नको! पालथी पड, मान झाक!" आणि स्वतःच जमिनीवर पालथे पडले. दोन्ही हात मानेमागे घट्ट धरलेले.

"बुवांना सकाळीच भांग चढली वाटतं!" मालगुजार हसले.

ते हसू तोंडातच राहिले. सर्वांच्या देखत महाराजांची बंडी टराटरा फाटली, पाठीवर नखांचे ओरखडे उमटले आणि फरशीवर रक्त सांडू लागले. जवळ तर कोणीच नव्हते!

थोड्याच वेळात पारबता धापा टाकत आली. लुगडे पाठीवर फाटलेले, पण अंगावर साधा ओरखडाही नाही!

"महाराज, झुडपाआड अस्वल होतं, पाठीवर दोन पिलं. मी पळनारच होती, तं तुमचा आवाज आयकू आला. तशीच पडली. त्यानं पंजा मारला बापा, पन मले लागलाच नाही! मंग हुंगलं अन् निघून गेलं."

मालगुजारांचा चेहरा पांढरा पडला. "महाराज, आत्ताच्या आत्ता त्या अस्वलाला गोळी घालतो!"

तेव्हा महाराज कडाडले. असा राग त्यांच्या मुखावर कोणी पाहिला नव्हता.

"तिले कायले गोळी? लेकरं पाठीवर घेऊन ते माय पोट भरून राहिली होती. कोनी येते हे तिले कसं समजावं? सांगनारा आवाज तं तुमी बंद केला! जनावर लेकरांसाठी धावलं. तुमी कायच्यासाठी धावले, भगवंतराव?"

मालगुजार महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मले नाही. वार जिच्यावर होता, तिले नमस्कार करा."

ज्यांच्यासमोर गाव वाकत असे, ते भगवंतराव त्या ढिवरिणीच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवून ढसाढसा रडले. पारबता संकोचाने मागे सरकली. "मालक, उद्या गाऊ ना मी?"

"गा," ते पुटपुटले.

"आयकू नाही आलं," महाराज म्हणाले.

मग मालगुजारांनी हात जोडले आणि देऊळभर घुमेल असे ते ओरडले, "गा, माय, गा!"